भिंतीच्या आतला नट

१२ जानेवारी

प्रिय ताई,

पोचलो, जागा मिळाली, जेवण बरं आहे आणि पट्टा लावल्याशिवाय चढत नाही. आईचे प्रश्न आधी उरकून टाकले, आता निवांत लिहितो.

इथलं काम खांबांपेक्षा भिंतींचं जास्त आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की मध्ये खांब रोवला तर माणसाला आडवं होऊन जावं लागेल. म्हणून जुन्या उघड्या तारा काढायच्या आणि त्यांच्या जागी पीळ घातलेली काळी केबल घरांच्या भिंतींवरूनच न्यायची. तू विचारलं होतंस, एवढी जड केबल भिंतीला चिकटते कशी? चिकटत नाही, टांगतात. त्यासाठी अंगठ्याएवढा जाड बोल्ट असतो, त्याचं पुढचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळवलेलं. साहेब लोक त्याला पिगटेल बोल्ट म्हणतात, आम्ही नुसतं शेपटी. केबल सरळ जात असेल तिथे शेपटीत क्लॅम्प अडकवला की ती त्यात झुलत राहते. जिथे केबल वळते किंवा संपते तिथे हीच शेपटी सगळा ताण ओढून धरते. साधा आकडा असता तर वाऱ्यात क्लॅम्प उडून बाहेर आला असता. शेपटीला वेढा असतो, क्लॅम्पची कडी फिरवून आत घालावी लागते, आणि एकदा ताण बसला की ती आपणहून निघत नाही. मला ही वस्तू फार आवडते. बायको नसलेल्या माणसाला काहीतरी आवडायला हवं, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणतो.

खांबाला भोक असतं, मागून नट आवळला की झालं. भिंत जुनी असली की मात्र बोल्ट आरपार घालून आतल्या खोलीत लोखंडी प्लेट आणि नट लावावा लागतो. कुणाच्या कपाटामागे, कुणाच्या उशाशी. काल एका आजोबांनी विचारलं, हा नट आमच्या खोलीत राहणार, तर तो भाडं किती देणार?

मुकादमाला बोलता बोलता सांगितलं की माझे आप्पाही लाइनवरच होते, पुरात गेले. दुसऱ्या दिवशी तो माझी शिडी स्वतः धरून उभा राहिला.

आईला आणि टेलरकाकांना नमस्कार.

तुझा,
ढब्बू

२१ जानेवारी

प्रिय ढब्बू,

तुझी शेपटी आईला चित्र काढून समजावली. ती म्हणाली, भिंत पडली तर? तिला उत्तर तूच लिही.

इकडे सगळं ठीक. माझं कोर्टातलं टायपिंग चालू आहे, बोटं दुखतात, नवरा म्हणतो जीभ दुखली असती तर बरं झालं असतं. काकांनी तुझ्यासाठी दोन पँटी शिवल्या आहेत. मापं नव्हती, म्हणाले, साहेब बारीक झाले असतील, कंबर आत घेतो. आई म्हणाली, तो जाडच आहे. यावर दोघांचं अख्खी संध्याकाळ चाललं होतं. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आपण त्यांना काकाच म्हणतो, याचं मला परवा उगीच वाईट वाटलं. त्यांना म्हटलं तसं. ते म्हणाले, हाक बदलली की माणसाला मागे वळून बघायला वेळ लागतो, राहू दे.

सांभाळून राहा. शेजारच्यांकडे फोन करू नकोस, सगळी चाळ कान लावून बसते. पत्रच लिही.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र आईसमोर उघडू नकोस. गच्चीवर जा आणि मग वाच.

इथे कोपऱ्यावर एक दुमजली घर आहे. केबल तिथे वळून मागच्या गल्लीत शिरते, म्हणून त्या भिंतीवर ताणाची शेपटी बसवायची होती. मी बाहेर शिडीवर होतो. आत वरच्या खोलीत घरमालक होता, मुकादमाने त्याच्या हातात पाना दिला होता. शेपटीचं तोंड वर राहायला हवं, म्हणून बोल्ट बाहेरून मी धरायचा आणि नट आतून त्याने आवळायचा. मी त्याला पाहिलेलं नव्हतं. तो पाना फिरवायचा ते मला तळहातात कळत होतं. सफाईने फिरवत होता. मी मनात म्हटलं, याने हे काम केलेलं आहे.

मग आतून आवाज आला, "शेपटी वर धर. घाई कुणाला आहे?"

आपल्या दोघांच्या बुटांच्या नाड्या बांधताना आप्पा हेच म्हणायचे, घाई कुणाला आहे. मला हसू आलं. असं कुणीही म्हणेल, असं वाटलं. प्लेट नीट बसली का ते बघायला मी आत गेलो. जिना चढलो. खिडकीपाशी एक म्हातारा माणूस पाना पुसत उभा होता. त्याच्या डाव्या कानाची वरची कड नव्हती. आप्पांचा कान तार तुटून कापला गेला तेव्हा तूच फडकं धरलं होतंस.

त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "ढब्बू."

ताई, हे नाव माझ्या ओळखपत्रावर नाही. गँगमध्ये कुणाला माहीत नाही. टेलरकाकासुद्धा मला साहेब म्हणतात.

खालून एका बाईने हाक मारली, चहा झालाय, लाइनवाल्यांनाही बोलवा. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी वर आली आणि त्याला म्हणाली, बाबा, भिंतीवरचं प्लास्टर कोण लावणार? तो म्हणाला, मी लावतो.

मी खाली आलो आणि शिडीवर पाय ठेवायला गेलो, तर पाय उचलेना. मुकादमाला वाटलं मला करंट लागला. झटका बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ती ओरडत नाहीत, नुसती समोर बघत राहतात. मीही तसाच उभा होतो. तेव्हापासून मुकादमाने मला वर चढू दिलेलं नाही, खाली केबलची रिळं मोजत बसवलंय.

आप्पा जिवंत आहेत. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं.

ढब्बू

८ फेब्रुवारी

ढब्बू,

पत्र वाचून आधी तुझा राग आला. उन्हात काम करतोस, झोप नसेल, कुणा म्हाताऱ्याला पाहून वेडा झालास, असं मोठं पत्र मी लिहिलं आणि फाडून टाकलं. त्या कापलेल्या कानाशी येऊन अडले.

पूर ओसरल्यावर आई नदीवर जाऊन बसायची, ते तुला आठवणार नाही. तू लहान होतास. पुरात लाइनच्या गँगची नाव उलटली तेव्हा त्यातल्या दोघांचे देह मिळाले, आप्पांचा नाही. म्हणून आई कितीतरी वर्षं दाराला आतून कडी लावत नव्हती. काकांशी लग्न झालं त्या दिवशी तिने पहिल्यांदा कडी लावली. ते मी पाहिलंय.

आता ऐक. ते जिवंत असतील तर आईचं हे लग्न कागदावर टिकत नाही. असले अर्ज मी रोज टाइप करते, मला माहीत आहे. आईला एक अक्षर कळता कामा नये. काकांनाही नाही.

पण तू जा आणि विचार. डोक्याला मार लागला होता का, तुरुंगात होते का, कुणी डांबून ठेवलं होतं का. काहीतरी असणारच. माणूस उगीच मरत नाही. मला अजून त्यांना 'ते' लिहू की 'तो', हेच ठरवता येत नाही. मघापासून बघ, सगळीकडे 'ते' लिहिलंय.

ताई

१५ फेब्रुवारी

ताई,

'तो' लिही.

मला जावं लागलं नाही, तोच आला. जिथे आमची रिळं ठेवली आहेत त्या मैदानात दुपारी येऊन उभा राहिला. आम्ही एका रिळावर बसलो. तू लिहिलेले सगळे प्रश्न मी विचारले. डोक्याला काही लागलं नव्हतं. तुरुंग नाही, कुणी डांबलं नाही. आठवण शाबूत होती.

तो म्हणाला, "पाण्यातून बाहेर आलो तेव्हा पलीकडच्या काठावर होतो. पडल्या पडल्या वाटलं, आता मला कुणी हाक मारणार नाही. ना साहेब, ना घर. ते इतकं बरं वाटलं की मी उठलो आणि उलट्या दिशेने चालायला लागलो."

एवढंच. ताई, मी वाट बघत होतो की यापुढे काहीतरी येईल. काही आलं नाही. आईशी भांडण होतं का, विचारलं. नव्हतं, म्हणाला. तुमची आई चांगली होती. पहिलं वर्षभर रोज वाटायचं उद्या परत जाऊ. मग इतका उशीर झाला की जाण्यापेक्षा मेलेलं राहणं सोपं पडलं. इथे तो पंखे, मिक्सर दुरुस्त करतो. त्या बाईला त्याने सांगितलंय की लहानपणापासून एकटाच आहे, आधी लग्न झालेलं नाही.

आईचं कसं चाललंय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, तिने लग्न केलं, सुखात आहे. तो म्हणाला, बरं झालं.

त्या 'बरं झालं'च्या वेळी माझ्या हातात पाना होता. मी तो उठून जाऊन लांब ठेवून आलो.

त्याच्या भिंतीवरची शेपटी अजून रिकामी आहे. तिच्यावर केबल ओढली नाही तर मागच्या गल्लीला वीज जात नाही, लोक रोज भांडायला येतात. बोल्ट मी बसवलाय म्हणून मुकादम मलाच विचारतो, मी म्हणतो भिंतीतलं सिमेंट ओलं आहे. तो माझ्याकडे बघतो आणि गँगला दुसऱ्या भिंतीवर पाठवतो. खरं सांगू? तो बोल्ट मला उपटून टाकावासा वाटतो. त्याने आवळलेला नट आहे, आणि चांगला आवळलाय. याचाच जास्त राग येतो.

ढब्बू

२१ फेब्रुवारी

ढब्बू,

मला राहवलं नाही. ठरवून सांगितलं नाही. आई विचारत होती, तू जेवत का नाहीस, ढब्बूचं काही आहे का, पडला का तो? तिचा चेहरा बघून मी म्हटलं, ढब्बू बरा आहे, आप्पा जिवंत आहेत.

काका मशीनवर होते. मशीन थांबली.

आई म्हणाली, "कोण?" मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, कोण? जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. मग उठली आणि धुतलेली भांडी काढून पुन्हा धुवायला लागली. सगळी धुतली. मी हात धरायला गेले तर हात थंडगार, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. तुझं सगळं पत्र मी तिला सांगितलं, काठावरचंसुद्धा. लपवायला काही उरलंच नव्हतं.

काकांनी गिऱ्हाइकाचा कोट कापायला घेतला आणि खुणेच्या बाहेरून सरळ कात्री चालवली. इतक्या वर्षांत त्यांचा हात चुकलेला मी पाहिला नव्हता. कापलेलं कापड हातात घेऊन ते बसून राहिले.

आज सकाळी ते घरात नाहीत. शेजाऱ्यांना सांगून गेलेत की ढब्बूकडे जातो. आईला वाटतंय ते घर सोडून गेले. मला काय वाटतंय ते मलाच कळत नाही. आले तर त्यांना एकटं सोडू नकोस. त्यांना राग येत नाही, त्याचीच भीती वाटते.

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

काका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात माझ्या पँटींची पिशवी आणि गळ्यात मापाची टेप. ती काढायचीच विसरले होते, तसाच सगळा प्रवास केला. मी म्हटलं, आधी जेवा. ते म्हणाले, आधी घर दाखवा, साहेब.

दार त्या बाईने उघडलं. तो आत एका पंख्याचं काम करत बसला होता. काका बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मी साहेबांच्या आईला न विचारता आलोय. तुम्ही परत येणार असाल तर तसं सांगा. मी माझी मशीन हलवतो. घर आधी तुमचं होतं."

ताई, माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मला वाटलं होतं काका त्याला शिव्या देतील, किंवा रडतील.

तो म्हणाला, नाही येणार. मान वरसुद्धा केली नाही.

ती बाई स्वयंपाकघराच्या दारात होती. आत जाऊन तिने गॅस बंद केला, बाहेर येऊन खुर्चीवर बसली आणि त्याला विचारलं, "मग आम्ही कोण?"

तो पंख्याचे स्क्रू गोळा करायला लागला. तेव्हा काकांच्या लक्षात आलं की तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. ते तिची माफी मागायला लागले, मी सांगायला नको होतं, म्हणाले. ती म्हणाली, तुम्ही नाही, यांनी सांगायला हवं होतं. मुलीला मात्र मी सांगेन, यांनी नाही. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, मागच्या गल्लीत आजारी माणसं आहेत, तुमचं काम तेवढं करून टाका.

मी मुकादमाला सांगून चढलो. काकांनी शिडी धरली. गँगने केबल ओढली, मी क्लॅम्पची कडी फिरवून शेपटीत घातली. ताण बसताना भिंतीतून करकर आवाज आला. भिंत हलली नाही. संध्याकाळी मागच्या गल्लीत दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते एकसारखं म्हणत होते, विचारलं ते बरोबर ना, साहेब?

त्यांना आजच्या गाडीत बसवलंय.

ढब्बू

४ मार्च

चिरंजीव ढब्बूस आईचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, पण हे ताईकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

तुझे काका परत आले. त्यांनी तिथे काय विचारलं ते सांगितलं. मी त्यांच्याशी एक दिवस बोलले नाही. त्यांनी त्या माणसाला विचारलं, येणार का? तू त्याला विचारलंस, का गेलात? ताई मला विचारते, जेवणार का? मला काय हवंय, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तो हो म्हणाला असता तर तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं घर त्याच्या हवाली केलं असतं. मशीन हलवतो म्हणे. मशीन इंचभर हलणार नाही, हे मी त्यांना सांगितलंय.

तो गेला म्हणून मी रडत नाही. ते रडणं कधीच संपलं. पण मी ज्याच्यासाठी रडले तो नदीत नव्हताच. चालत होता, चांगल्या धडधाकट पायांनी. मग मी नदीवर कुणासाठी बसत होते? हे डोक्यात आलं की हातातलं काम तसंच राहतं.

ताईने कागद टाइप केलेत. आधी कोर्टात सोडचिठ्ठीचा अर्ज, मग काकांशी पुन्हा लग्न, रीतसर. लोक हसतील, हसू देत. या वयातली नवरी बघायला मिळणार त्यांना. ताई म्हणते कागद पोस्टाने पाठव. मी पाठवणार नाही, घेऊन येणार आहे. काकांना घरी ठेवते. त्यांना नेलं तर तिथे जाऊन ते पुन्हा काहीतरी चांगुलपणा करतील.

त्या वेळी न सांगता गेला. या वेळी माझ्यासमोर सही करून जाईल.

आई

११ मार्च

ती. काकांस,

सही झाली. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुम्ही धीराने वाचाल.

आई खूप शांत होती. त्या बाईने टेबल मोकळं करून दिलं. आईने कागद मांडले, पेन स्वतःचं दिलं. त्याने वाचलं नाही, जिथे बोट ठेवलं तिथे सही करत गेला. शेवटच्या पानावर तो म्हणाला, माझं चुकलं. आई म्हणाली, "ते नको. सही पुरे."

निघताना आई त्या बाईला म्हणाली, तुमचं माझं काही नाही. बाई म्हणाली, माहीत आहे. मुलगी दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. मग तिने विचारलं, तुम्ही उद्या पण गल्लीत असाल ना? मी हो म्हटलं.

बाहेर आल्यावर आईने वर भिंतीवरच्या शेपटीकडे बघून विचारलं, यावर किती वजन असतं? मी सांगितलं, दोन्ही गल्ल्यांचं. ती पुढे चालायला लागली. गल्लीच्या टोकाला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि उठेचना. सगळं अंग थरथरत होतं, दातावर दात वाजत होते. मी शेजारी बसून तिला धरलं. मला वाटलं डॉक्टरकडे न्यावं लागणार. मुकादम पाणी घेऊन धावत आला.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तो मेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सगळे भेटायला आले होते. आज मी कुणाला बोलवू?"

मी तिला माझ्या खोलीवर आणलंय. पाणी पिते, जेवत नाही, मी उठलो की कुठे चाललास विचारते. मला हे एकट्याने जमणार नाही, काका. आमच्या डेपोची गाडी सामान आणायला आपल्या गावावरून जाते. हे पत्र ड्रायव्हरच्या हातीच देतोय. तो तुमच्या दारात थांबेल. मशीन बंद करा, घराला कुलूप लावून किल्ली ताईकडे द्या आणि त्याच गाडीत बसा. पुढची सीट तुमच्यासाठी ठेवायला सांगितली आहे.

तुमचा,
ढब्बू